तुळसाबाईंचा चौदा-अ

मी टाइपरायटर, मराठी कळांचा. आधीच कबूल करतो, माझा स्वभाव मत्सरी आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट नागपुरात, वस्तीच्या घर समितीत आलो. तिथं पुष्पलताताई माझ्यावर टंकन करत. याद्या ही आमची खासियत. एक कळ दाबली की माझी गाडी नेमक्या जागी सरकून थांबे. कुटुंबाचा आकडा कडेला, त्याखालची पोटनोंद थोडी आत.

१९७४ साली घरांच्या जागांची यादी छापायचं ठरलं. माझा कागद कवडूच्या छापखान्यात गेला. छापील कागद आले तेव्हा समितीचे आनंदराव म्हणाले, "आता कशी यादीसारखी यादी दिसते." माझ्या याद्यांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी आतल्या आत जळालो.

पण ताईंचं बोट चौदाव्या आकड्यावर अडलं. तिथं नत्थूचं कुटुंब होतं. त्याची विधवा भावजय तुळसाबाई चौदा-अ, त्यांची जागा वेगळी. छापताना आतल्या ओळी कडेला आल्या, 'अ' गळाला आणि तुळसाबाई दिराच्या नोंदीत मिसळल्या. दोन दिवसांनी सरकारी साहेब हीच यादी पाहून जागा वाटणार होते.

खरं सांगतो, छापखाना चुकला याचा मला आनंद झाला. तेवढ्यात तुळसाबाईच आल्या. सगळं ऐकून हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझी जागा गेली का वं, पुष्पलता?"

माझा आनंद तिथंच विरला.

ताईंनी मला सायकल रिक्षात घातलं आणि छापखाना गाठला.

"कवडूभाऊ, आतल्या ओळी बाहेर काहून आणल्या?"

"ताई, तुमची मशीन कळ दाबली का सरकते. माझ्या शिशाच्या खिळ्यांले कोण सरकवते? मले वाटलं, जागा वाया चालली."

ताईंनी माझी कळ दाबून दाखवली. "वाया नाही गा. ही मोकळी जागाच सांगते का हे घर वेगळं आहे."

कवडूनं जुळवलेल्या खिळ्यांची चौकट पुन्हा उघडली. मग चिमट्यानं अक्षर नसलेला एकेक कोरा खिळा उचलून त्यानं प्रत्येक पोटनोंद आत सरकवली, गळालेला 'अ'ही बसवला. मी क्षणात करतो ते काम त्याला दुपारभर पुरलं. यादी नव्यानं छापली आणि तुळसाबाईंना त्यांची जागा मिळाली. उपकार मात्र त्यांनी कवडूचे मानले. ते मला अजून सलतं.

आता १९८८ उजाडलंय. समितीत पडद्याचं नवं यंत्र येणार म्हणतात. येऊ दे. यादी कशी करायची ते ताईंनीच त्याला शिकवावं. फक्त माझ्यासमोर शिकवू नये, एवढंच मागणं.