मुलगी इथे आहे ना

नमकाऊ सिताली आमच्या ओळीत राहायला आली ती सप्टेंबरच्या ऐन उन्हात. इकडचा तो उन्हाळा. किट्वे शहरातली ही खाणकामगारांची जुनी वसाहत. घरं एकमेकांना चिकटलेली, पुढे एवढंसं अंगण आणि सगळ्यावर लाल धूळ. तिच्याबरोबर एक ट्रंक, एक गादी आणि सुक्या माशांची पिशवी होती. खाणीच्या इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी तिला लागली होती.

मी समोर राहते. मला सगळे बाना कापेम्ब्वा म्हणतात, म्हणजे कापेम्ब्वाची आई. पहिल्या दिवशी मी तिला बादलीभर पाणी नेऊन दिलं, तर ती गुडघे टेकून बसली आणि पोकळ हातांनी हळूहळू टाळ्या वाजवून तिने माझे आभार मानले. पश्चिमेला मोंगूकडच्या लोझी लोकांची ती रीत. आम्ही बेम्बा एवढं करत नाही. मला अवघडल्यासारखं झालं.

"पाणी इथे सकाळीच काय ते येतं," मी म्हणाले. "भरून ठेवत जा."

"सकाळीच?" तिने विचारलं आणि नळाकडे बघत राहिली.

तिचं गाव झाम्बेझीच्या मैदानात. तिथे दर वर्षी नदी पसरते, कुरणं बुडतात आणि माणसं गुराढोरांसकट उंचावर जातात. पाणी ओसरलं की परत येतात. तिचे वडील मासे धरायचे. आई लहानपणीच गेली होती, त्यामुळे ही सगळी वाढली ती वडिलांच्या होडीत. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या न्यांजात, म्हणजे दोघींनाही परक्या भाषेत, बोलायचो आणि बोलणं फिरून पाण्यावर यायचं. झोप येत नाही म्हणायची. पाण्याचा आवाज नसला की कान दुखतात म्हणायची.

कामावर तिची वेगळीच पंचाईत. एक्स-रेला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: श्वास घ्या, धरा, सोडा. बेम्बात त्या कशा म्हणायच्या ते मी तिला शिकवलं. दुसऱ्याच दिवशी ती पडक्या चेहऱ्याने घरी आली.

"एक म्हातारा एवढा हसला की फोटो हलला. मी काय बोलले ते सांगा." आणि तिने ते शब्द म्हणून दाखवले.

"तू त्याला म्हणालीस, मला धरा."

तिने ओंजळीत तोंड लपवलं. मला वाटलं हसतेय. हसत नव्हती.

तिला या शहरात पहिल्यांदा हसवलं ते मुतिंताने. मुतिंता आमच्या कोपऱ्यावर कणसं भाजून विकते. मूळची दक्षिणेतली टोंगा, इथल्या खाणकामगाराशी लग्न करून आलेली. नवी बाई लोझी आहे हे कळताच ती कणसं तशीच टाकून आली.

"लोझीण? आमच्या ओळीत? आता गोठ्याला कुलूप लावायला हवं. यांच्या आज्यापणज्यांनी आमची गुरं पळवली."

नमकाऊने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पळवली कुठे? तुमच्या गाई आपणहून आल्या. तुमच्याकडे त्यांना नाव ठेवायलाही कोणी शहाणं नव्हतं."

"बघा, बघा, जीभ बघा हिची! माशांचा वास येतोय नुसता."

दोघी पोट धरून हसल्या. टोंगा आणि लोझी यांच्यात हे थट्टेचं नातं जुनं आहे. एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, हक्काने मागून न्यायचं आणि राग म्हणून धरायचा नाही. त्या दिवसापासून मुतिंता रोज जाता-येता तिला टोचायची आणि नमकाऊ उलट टोला हाणायची. तेवढ्यापुरता तिचा आवाज मोठा व्हायचा.

फेब्रुवारी संपता संपता एका शनिवारी नमकाऊ सकाळपासून अंगण झाडत होती. झाडून झालं की पुन्हा पहिल्यापासून. मुतिंता फाटकातून ओरडली, "काय गं गुरंचोर, आज जमिनीखाली काय पुरतेस?"

नमकाऊचा झाडू आणखी जोरात फिरला.

"जीभ मोंगूला विसरलीस का?"

"बाबा गेले," नमकाऊ म्हणाली. झाडणं थांबलं नव्हतं. "भावाचा फोन आला. परवा गेले, काल माती दिली. पाणी चढतंय, थांबता येत नव्हतं. येऊ नकोस म्हणाला. गावात कोणी उरलं नाही, सगळे उंचावर निघालेत."

मी रस्ता ओलांडून आले. फाटकातच थांबले. मुतिंता मात्र तडक आत शिरली आणि खुर्ची उचलून बाहेर आणली. मग टेबल, मग ट्रंक.

"काय करताय, मुतिंता?" मी विचारलं.

"दुःखाचं घर रिकामं लागतं. बायका बसणार कुठे?"

"पण माणूस इथे गेलेलं नाही."

"मुलगी इथे आहे ना?"

त्यावर नमकाऊच्या हातातला झाडू खाली पडला.

दुपारपर्यंत ओळीतल्या बायका जमल्या. कोणी मक्याचं पीठ आणलं, कोणी कोबी, कोणी कोळसा. पुरुषांनी बाहेर शेकोटी पेटवली. नमकाऊ गादीवर भिंतीला टेकून बसली होती आणि डोळे कोरडे होते. आम्ही गाणी म्हणत होतो ती बेम्बातली. तिला त्यातलं फारसं कळत नव्हतं.

मग मुतिंता अंगणात आली. नवऱ्याचा कोट, डोक्यावर पातेल्याचं झाकण. उलट्या बादलीवर बसून ती झाडूने हवेत वल्हवू लागली.

"मी सिताली, नमकाऊचा बाप! टोंगांची गुरं परत करायला निघालोय. अरे, वाट कुठली? आयुष्यभर मासे मोजले, मला गाय ओळखूच येत नाही!"

हे नातं मयतीतही चालतं, पण ज्यांना ते ठाऊक नव्हतं त्या बायका दचकल्या. मीही नमकाऊकडे बघितलं. ती उठून दारात आली होती.

"बसून नाही," ती म्हणाली.

"काय?"

"आमचे लोक बसून वल्हवत नाहीत. बाबा उभे राहायचे."

"मग दाखव ना, शहाणे. मी टोंगीण, मला होडीतलं काय कळतंय?"

नमकाऊने झाडू घेतला. पाय थोडे फाकवून उभी राहिली, गुडघे किंचित वाकवले आणि धुळीत लांब, सावकाश वल्हं मारलं. अंगाला हलका झोका दिला. मग दुसऱ्या बाजूने. तिची मान ताठ, नजर लांब कुठेतरी. त्या घटकाभरात तो माणूस मला दिसला, खरं सांगते, जन्मात न पाहिलेला. "असे," ती म्हणाली, "असे जायचे," आणि तिथेच खाली बसून मोठ्याने रडू लागली. मुतिंताने झाकण काढून बाजूला ठेवलं, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि तिच्याबरोबर तीही रडली.

जुलैत पाणी ओसरल्यावर नमकाऊ गावी जाऊन आली. परतल्यावर माझ्या ओट्यावर बसून सांगत होती. थडग्यापाशी तिला रडूच आलं नाही. भाऊ शेजारी उभा होता, वाट बघत होता. शेवटी म्हणाला, "शहराने कोरडं केलं तुला."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार, बाना कापेम्ब्वा? माझं रडणं तुमच्याकडे झालं हे त्याला कसं सांगायचं? तो तर तेव्हा होडीत गुरं चढवत होता. त्याला रडायलाही कोणी बसवलं नसेल."

मी चहा ठेवला.