नऊशे ग्रॅमचं भाडं

मी पार्सलच्या खिडकीवरचा वजनकाटा बोलतोय. दक्षिण कोरियातल्या वांडो बंदराहून बोटीने अडीच तासांवरच्या या बेटावर माझी अठरा वर्षं गेली. इंचॉनच्या कारखान्यात मला ग्रॅमागणिक खरं बोलायला शिकवलं. खरं बोलून एवढ्या शिव्या खाव्या लागतात, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

भिंतीवरच्या फलकावर ठळक लिहिलंय, मूळ भाडं चार हजार वॉन. माणसं तेवढंच वाचतात. खालच्या बारीक ओळींना चष्मा लागतो, आणि तो नेमका घरी राहतो. बेटाचे तीन हजार जादा, लांब खोक्याचे चार हजार जादा. मग राग माझ्यावर.

म्योंग-जा मावशी बाळंतिणीच्या सुपासाठी सुकवलेलं समुद्रशेवाळ विकतात. ते दुमडायचं नाही; दुमडलं तर बाळंतपण अडतं, असं इथे मानतात. त्यामुळे खोकं हलकं, पण छातीएवढं उंच. मावशींनी फोनवर जाहिरात टाकली : तीस हजार, भाडं आमच्याकडे. भाडं धरलं चार हजार.

पहिल्याच दिवशी पाच खोकी आली. प्रत्येकाला मी नऊशे ग्रॅम दाखवले. खिडकीवरच्या दो-ह्योकने मोजायची टेप लावली आणि एकेकाचे अकरा हजार सांगितले. मावशींनी मला चापट मारली.

"बिघडलाय मेला."

"काटा बरोबर आहे, मावशी. गाडीत जागा जाते तिचे पैसे. दुमडा, चार हजार वाचतील."

"तुझ्या बायकोला सातवा लागलाय ना? तिच्या ताटात दुमडलेलं वाढशील?"

तो पावत्या फाडू लागला.

पाचही खोक्यांत मावशींची मजुरी बुडाली. असंच चाललं असतं तर पुढच्या हंगामात त्यांना शेवाळ वाळवणं सोडावं लागलं असतं. घरी जाऊन त्यांनी जाहिरात बदलली : शेवाळ तीस हजार, भाडं अकरा हजार, दुमडून मिळणार नाही.

नऊ दिवस त्यांचं एकही खोकं आलं नाही. दहाव्या दिवशी दोन आली, देगूच्या एका सासूबाईंनी दोन्ही सुनांसाठी मागवलेली. भाड्यासकट पैसे आधीच जमा झाले होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेप त्यांनीच उचलली.

तुम्हालाही एवढंच विनवतो. भाव सांगण्याआधी खोकं मोजा, फलकावरच्या बारीक ओळी वाचा. मला मारून भाडं कमी होत नाही.