सत्तेचाळीसाव्या घरातला ट्रम्पेट

मित्रांनो, माझ्या मालकाची, फिदेन्सिओची बहीण लेओवा नवऱ्याशी भांडून, दोन कोंबड्या बगलेत मारून माहेरी परत आली, त्याच वर्षी मी या घरात आलो. मी कीबोर्ड. आता जुना झालो आहे. मेक्सिकोच्या या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजले, चार पट्ट्या बसल्या. त्याचे मला सुखदुःख नाही.

कारखान्यातून मी शेकडो आवाज घेऊन आलो होतो. शिवाय पोटात काही घरे रिकामी होती. वाजवणाऱ्याने स्वतः आवाज घडवून तिथे ठेवायचे. ती घरे एका चपट्या सेलवर जगतात. सेल संपला की पुसली जातात. माझ्यासोबतच्या पुस्तिकेत हे लिहिले होते. पुस्तिका चुलीत गेली.

फिदेन्सिओच्या क्रिस्पीनमामांनी गावात जन्मभर ट्रम्पेट वाजवला. लग्न असो की मयत. मग पुढचे दात पडले, ओठांना टेकू राहिला नाही. ट्रम्पेट खुंटीला लागला आणि मामा झोळीत पडून छताकडे पाहू लागले. तेव्हा फिदेन्सिओने ठरवले, मामांचा ट्रम्पेट माझ्यात घडवायचा.

मासे विकून आला की दुपारी तो बसे. माझा कारखान्यातला ट्रम्पेट घेई, सुराची शेपटी कापी, डोके बोथट करी, थरथर जरा उशिरा सुरू करी.

"बोकड," मामा झोळीतून म्हणत.

"आणि आता?"

"आता बोकडाला सर्दी झालीय."

"बोकडच असेल तर कापू या की," लेओवा चुलीपाशी बसून म्हणे. "उद्या रविवार आहे."

पावसाळाभर हेच चालले. मग एकदा फिदेन्सिओने सुराच्या आधी किंचित हवा घातली, ओठांतून फुंकर निसटते तेवढीच. मामांनी पाय टेकवून झोळी थांबवली.

"परत वाजव."

त्याने वाजवले.

"हा माझा श्वास आहे," मामा म्हणाले. "मी मेलो की मला यावरच पोचव. दुसरं काही नको."

फिदेन्सिओने तो आवाज सत्तेचाळीसाव्या घरात ठेवला.

त्या आवाजामुळे फिदेन्सिओच्या, म्हणजे आमच्या, बँडचे नाव झाले. या किनाऱ्यावर बँडवाले आपले आवाज जिवापाड लपवतात. माझ्या कुशीला एक फट आहे. तिच्यात फ्लॉपीची तबकडी सरकवली की आवाज उतरवून घेता येतात. कोणी चोरू नये म्हणून फिदेन्सिओने ती फट मेणाने बुजवून टाकली.

शेजारच्या गावचा रुतिलोही बँडवाला. तो तबकडी घेऊन आला.

"फिदेन्सिओ, तो ट्रम्पेट दे ना. हवं तर माझे दहा आवाज घे."

"तुझे दहा म्हणजे दहा बेडूक. आणि हा मामांचा आहे."

"मामांचा आहे तर मामा सांगतात, देऊन टाक," झोळीतून आवाज आला. "आवाज म्हणजे काय कोंबडी आहे, दिली की खुराड्यात एक कमी?"

"मामा, उद्या हा सगळ्यांच्या लग्नात वाजेल."

"वाजू दे की. मीही सगळ्यांच्याच लग्नात वाजत होतो."

फिदेन्सिओने दिला नाही. मेण तसेच राहिले.

वर्षे गेली. लेओवाने शेजारच्याच घरात दुसरे लग्न केले. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत इथे वाद्ये बंद असतात, फक्त मयताला वाजतात. त्या वर्षीही मी फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात होतो. तेव्हाच मामा गेले. मला टेम्पोत चढवले, जनरेटरला जोडले. फिदेन्सिओने सत्तेचाळीसावे घर उघडले. तिथे काही नव्हते. सेल कधी संपला, मलाही कळले नाही.

त्याने तीनदा बटण दाबले. मग कारखान्याचाच ट्रम्पेट वाजवला. रुतिलोने शवपेटीला खांदा दिला होता. त्याने एकदा वळून माझ्या कुशीकडे पाहिले आणि पुढे चालू लागला.

आता माझ्यात नवा सेल आहे, फटीतले मेण खरवडून काढले आहे. फिदेन्सिओ दुपारी बसतो, शेपटी कापतो, डोके बोथट करतो, हवा घालतो.

"बोकड?" तो रिकाम्या झोळीला विचारतो.

"मला नाही कळत रे," लेओवा म्हणते.

जमेल तसा झालेला आवाज तो तबकडीत भरून रुतिलोला देतो. रुतिलो घेतो. हा मामांचा श्वास आहे की बोकड, तोही सांगू शकत नाही.

मित्रांनो, यंत्राचा सेल वेळेवर बदला. आणि आपण घडवलेले चांगले काही असेल, तर ते एकाच पोटात ठेवू नका.

क्रिस्पीनमामा वारले ते लेओवाच्या दुसऱ्या लग्नानंतरच्या मार्चमध्ये, मंगळवारी, दुपारी, झोळीत.