ताईनं पाठवलेला नमुना

औषधाच्या त्या कारखान्यात पॅकिंगच्या खोलीतली माणसं ओठांवरून ओळखू यायची. बाराही महिने फुटलेले ओठ. आतली हवा यंत्रानं इतकी कोरडी ठेवलेली असे की थोड्याच वेळात जीभ टाळूला चिकटायची. ताई त्या खोलीत जुनी, आणि हल्लीच तिथली प्रमुख झालेली. तिच्या खिशात ओठांना लावायच्या मलमाची डबी कायम असायची. वरच्या प्रयोगशाळेत काम करणारी धाकटी बहीण भेटली की ती न विचारता डबी तिच्यापुढेही धरायची, आणि ओठ धडधाकट असले तरी धाकटी बोट बुडवून घ्यायची. आई लवकर गेली होती. वेण्या घालण्यापासून या नोकरीचा अर्ज भरण्यापर्यंत धाकटीचं सगळं ताईनंच केलेलं. कारखान्यातही सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

एवढं कोरडं कशासाठी, हेही ताईनंच तिला समजावलं होतं. काही जंतू फार बेरकी झालेत. औषध जवळ आलं की ते कात्री काढतात आणि त्याचे तुकडे करून टाकतात. म्हणून या गोळीत औषधासोबत एक रखवालदार घालतात. तो जंतूला मारत नाही. तो पुढे होऊन कात्रीच्या पात्यांत स्वतःच अडकतो, कात्री जाम होते आणि मागून औषध आपलं काम उरकतं. शेजारच्या इमारतीतल्या मोठ्या टाक्यांमध्ये मातीतले दुसरेच जंतू वाढवायचे आणि त्यांच्या आंबलेल्या रसातून हा रखवालदार गाळून काढायचा. इतक्या खटपटीनं हाती आलेली ती पांढरी पूड, पण मुलखाची नाजूक. जरा दमट हवा लागली की पिवळी पडते आणि संपते. मग गोळी वरून तशीच पांढरीशुभ्र दिसते, आत मात्र रखवालदाराचा पत्ता नसतो.

"तो आधी मरतो म्हणून दुसरा वाचतो," ताई सांगायची. ही स्वतःबद्दलच बोलतेय, असं धाकटीला वाटायचं.

प्रत्येक बॅचच्या गोळ्या अशा बेरकी जंतूंवर सोडून बघणं हे धाकटीचं काम. काचेच्या बशीत जंतूंची पातळ साय धरते. गोळी विरघळवलेल्या पाण्यात कागदाची टिकली भिजवायची आणि त्या बशीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल कडं दिसलं की रखवालदार जिवंत, आणि साय टिकलीला येऊन भिडली की मेला. नियम असा की तपासणाऱ्यानंच खाली जाऊन आपल्या हातानं नमुना उचलायचा. पण खाली जायचं म्हणजे टोपी, मास्क, अंगभर झगा, बुटांवर पिशव्या. "कशाला एवढा खटाटोप? मी पाठवते ना वर," असं ताई म्हणाली आणि धाकटीनं नियम गुंडाळून ठेवला. ताईनं पाठवलंय म्हणजे अर्धी तपासणी झालीच, असं ती चारचौघांत हसत सांगायचीसुद्धा. भारी शहाणी!

बाबांच्या पायाची जखम चिघळली, ताप चढला, तेव्हा डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिलं. धाकटी दुकानात जाऊन टेचात म्हणाली, "आमच्या कारखान्याचंच द्या." गोळ्या सुरू झाल्या, पण ताप काही हलेना. सूज घोट्यावरून गुडघ्याकडे सरकायला लागली, आणि उतार पडला नाही तर पायाचं काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ताई बघायला आली. तिनं उशाशी पडलेलं पाकीट उचललं, उलटं करून बॅचचा नंबर वाचला आणि न टेकता तशीच बाहेर पडली. परतली ती दुसऱ्याच कंपनीचं पाकीट घेऊन.

"त्या गोळ्या सोसत नाहीयेत त्यांना. या दे."

"अगं, औषध तेच आहे!"

"मी सांगते ना? दे." आणि पहिलं पाकीट तिनं आपल्या पर्समध्ये टाकलं.

ताप उतरला. सूज ओसरली. "थोरलीच्या हाताला गुण आहे," बाबा येईल-जाईल त्याला सांगू लागले, आणि धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्याच कारखान्याच्या मालाला नावं ठेवायची म्हणजे काय? दुपारच्या वेळेसाठी पट्टीतून आधीच कापून ठेवलेला, नंबर छापलेला दोन गोळ्यांचा तुकडा तिच्याकडे उरला होता. त्यातली एक बशीत लावायची, हे भलंमोठं कडं ताईला दाखवायचं आणि तिची चांगली फिरकी घ्यायची, असा बेत तिनं केला. सोबत तिनं त्याच बॅचच्या नमुन्यातली, कपाटात जपून ठेवलेली गोळीही लावली.

दुसऱ्या दिवशी बशी उघडली. नमुन्याच्या गोळीभोवती रुंद, स्वच्छ कडं होतं. दुकानातल्या गोळीभोवती काहीच नव्हतं, साय टिकलीला खेटून वाढली होती. उरलेली गोळी तिनं मोडून पाहिली, तर आतून पिवळी. बॅच एक, नंबर एक, आणि गोळ्या दोन जातींच्या. दुकानदारानं उन्हात ठेवली असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घालून पाहिली. पण ताईनं दुकान कुठलं हे विचारलंच नव्हतं. तिनं फक्त नंबर वाचला होता.

मग तिला ते ओठ आठवले. ही बॅच भरली जात होती त्याच सुमारास ताई कँटीनमध्ये भेटली होती, आणि तिचे ओठ चक्क मऊ झाले होते. "काय गं, भाऊजींनी काही नवीन आणलं की काय?" असं धाकटीनं चिडवलं होतं. ताई हसली नव्हती. धाकटी एकटीच खो खो हसली होती, आणि आता त्या हसण्याची तिला शिसारी आली.

ती तडक खाली गेली. झगे बदलायच्या खोलीत ताई टोपीत केस कोंबत होती.

"यंत्र कधी बिघडलं होतं?"

ताईचा हात थांबला. "कोण म्हणालं तुला?"

"तुझे ओठ बरे झाले होते तेव्हा."

ताईनं दाराकडे पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. "बंद नव्हतं पडलं. धापा टाकत होतं. मला नुकतं प्रमुख केलेलं. लगेच खोली बंद करा म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? दमटपणा मोजायचा काटा मी यंत्राच्या तोंडाशी नेऊन ठेवला, म्हणजे तो कोरडंच दाखवेल. वाटलं, थोडी पूड मरेल, थोडी राहील."

"आणि नमुना?"

"आधीच्या बॅचमधला."

"माझ्याकडे पाठवलास?"

"दुसऱ्या कुणाकडे पाठवला असता तर तो नमुना घ्यायला खाली आला असता."

हे ताई अगदी सरळ बोलली, हिशेब समजावल्यासारखं. धाकटी बाकावर बसली. आजवर जे प्रेम म्हणून मिरवलं, तेच समोरच्या बाईनं सोय म्हणून वापरलं होतं.

"बाबांच्या गोळ्या वेळेत बदलल्या ना मी?" ताई म्हणाली.

"बाबांच्या बदलल्यास. बाकीच्यांच्या उशाशी नंबर वाचायला कोण जाणार होतं?"

ताई तिच्याजवळ येऊन बसली. लहानपणी ताप आल्यावर बसायची तशीच, अगदी खेटून. "हे बघ, तपासणीच्या कागदावर सही तुझी आहे. तोंड उघडलंस तर दोघी जाऊ. नीट विचार कर, राणी." तिनं सवयीनं मलमाची डबी काढली आणि पुढे धरली.

"मला वाटायचं, तू माझ्यापुढे उभी आहेस," धाकटी म्हणाली. "तू मलाच पुढे ढकललंस."

डबी तशीच राहिली. धाकटी उठली आणि भिंतीवरच्या फोनवरून तिनं मोठ्या साहेबांना गाठलं. बॅचचा नंबर सांगितला. माल बाजारातून आजच्या आज परत मागवा, म्हणाली. "आत रखवालदार मेलेला आहे, साहेब. मी स्वतः खाली येऊन नमुना उचलला नव्हता, ती चूक माझी. नमुना पॅकिंगच्या प्रमुखांनी बदलून पाठवला होता."

पलीकडून साहेबांनी विचारलं, "प्रमुख म्हणजे... तुमची ताईच ना?"

ताई तिच्याकडे बघत होती. दाताखाली धरलेला तिचा ओठ चिरला होता आणि त्यावर रक्ताचा थेंब जमला होता. धाकटीला तो पुसावासा वाटला.

"पॅकिंगच्या प्रमुख," ती फोनमध्ये म्हणाली.