एक बोट रुंद, एक बोट अरुंद

मी मधला कोंगा बोलतोय. कोंगा म्हणजे कमरेइतका उंच, उभा लाकडी ढोल. वर कातडं, खाली पोकळ तोंड, आणि वाजवायचा तो नुसत्या तळहातांनी. आम्ही तिघं आहोत. उंची सारखीच, त्यामुळे लांबून आम्ही तिळे वाटतो. फरक आहे तो तोंडाच्या मापात. धाकट्यापेक्षा मी एक बोट रुंद, थोरल्यापेक्षा एक बोट अरुंद.

ढोल होण्याआधी मी झाड होतो. त्यातलं फार थोडं आठवतं. उन्हात अंग तापायचं आणि संध्याकाळी हळूहळू निवायचं, एवढंच. मग फळ्या झाल्या, त्या वाफेवर वाकवल्या गेल्या, एकमेकींना चिकटवल्या गेल्या. कातडं चढवून, लोखंडी कडं बसवून कारागिरानं पहिली थाप मारली, तेव्हा मला वाटलं, आपल्या आत कुणीतरी राहायला आलं आहे.

आमचे मालक पडदे शिवायचे. दर शनिवारी एका हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवायचे. दुकानातून त्यांनी आधी धाकटा आणि थोरला नेला. दोनच घ्यायचे तर एक लहान, एक मोठा घ्यावा, असा त्यांचा हिशेब. आठवड्यानं परत आले ते चेहरा पाडून.

"दोघं बोलतात चांगले," ते म्हणाले, "पण मध्ये खड्डा पडतो. एक तळघरात, एक गच्चीवर."

"मग मधलं माप का सोडलंत?" दुकानदार म्हणाला. "दोनच हवे असतील तर एक मधला घ्यायचा आणि दुसरा त्याच्या खालचा किंवा वरचा. मधला जरा सैल केला की खाली उतरतो, आवळला की वर चढतो. आता तुम्हाला तिन्ही घ्यावे लागतील."

"तुमचं बरं आहे," मालक म्हणाले. पण त्यांचा हात तोवर माझ्यावर पडला होता, आणि तो उचलायला त्यांना बराच वेळ लागला. अशा रीतीनं मी मापानं मधला, पण घरात आलो शेवटचा.

दुकानामागची खोली हे आमचं घर. वर आडव्या दांड्यांवर शिवून झालेले पडदे लटकत असायचे, आणि दुपारी त्यांतून ऊन आलं की सगळी खोली कधी निळी, कधी केशरी होऊन जायची. मशिनं थांबली की मालक आपल्या तिन्ही मुलांना आमच्यामागे उभं करायचे. मोठ्या मुलाकडे थोरला, धाकट्याकडे धाकटा, मधल्या मुलीकडे मी. मालक लाकडी मोजपट्टी हलवत ताल द्यायचे. धाकटा नेहमी पुढे पळायचा, मोठा ठाय लयीत चालायचा, आणि मुलगी दोघांकडे बघत मध्ये वाजवायची. तिचे हात लहान, पण पडायचे बरोबर जागेवर. त्या खोलीतली वर्षं मला सलग आठवत नाहीत. रंग बदलत राहिल्यासारखी आठवतात.

मालक गेले तेव्हा मुलं चांगली मोठी झालेली होती. मोठा मुलगा, म्हणजे दादा, म्हणाला, दुकान विकू. धाकटा म्हणाला, मी चालवतो. दुकान विकलं गेलं. ज्या दिवशी खोली रिकामी केली त्या दिवशी मुलांचे काका दारात उभे राहून समाधानानं म्हणाले, "तीन मुलं, तीन ढोल. भांडायला जागाच नाही."

आणि खरंच कुणी भांडलं नाही. प्रत्येकानं आपापला उचलला. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

मी मुलीच्या घरी आलो. तिला आता बाई म्हणायला हवं. ती कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांच्या जबड्यांचे साचे घेऊन, घासून, दातांना दात जुळवते. चौथ्या मजल्यावर खिडकीशी मला जागा मिळाली. आधी माझ्यावर कुंडी आली, मग जुनी वर्तमानपत्रं, मग फोन चार्ज करायला ठेवण्याची जागा म्हणून मी कायम झालो. फोन थरथरला की मीही आतल्या आत थोडा थरथरायचो.

एका दुपारी ती कामावरून आली. नखांत साच्याचं पांढरं तसंच होतं. फोन उचलून तिनं बाजूला ठेवला आणि माझ्यावर थाप मारली. मग दुसरी. तिसरीच्या वेळी तिचा हात हवेत थांबला, कारण ती थाप माझ्यावर नव्हतीच, ती दादाच्या ढोलावर पडायची होती.

जोडीला एक ढोल हवा म्हणून तिनं दोघा भावांना फोन केला.

"माझा घेऊन जा," दादा म्हणाला. "इथं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे रचलेले असतात. पण त्याचा तिथं आणायचा नाही."

"ताई, माझाच ने," धाकटा म्हणाला. "दादाचा येणार असेल तर मात्र राहू दे."

दुसरा कुठला ढोल निवडायचा, हा खरं तर मापाचा साधा प्रश्न. मला दोन्ही चालतात. पण तिनं फोन खाली ठेवला तेव्हा तिचा चेहरा असा होता, जणू तिला एक भाऊ ठेवून दुसरा परत करायला सांगितलं आहे.

तिनं कुणाचाच आणला नाही. मलाच फिरवायला सुरुवात केली. तिचा नवरा मला जिन्यावरून खाली न्यायचा आणि दर मजल्यावर टेकवून म्हणायचा, "मुलं नाहीत आपल्याला, पण कडेवरचं ओझं काही सुटलं नाही." एका आठवड्यात दादाकडे, पुढच्यात धाकट्याकडे. थोरल्याशेजारी उभं राहायचं तर मला आवळून उंच आवाजाचा करायचं. धाकट्याशेजारी सैल करून खर्जाचा. तिथं मी लहान भाऊ, इथं मोठा. मला ते आवडायचं. गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पडून मी झाडांच्या शेंड्यांकडे बघत जायचो आणि आज आपण कोण आहोत, हे पोहोचेपर्यंत मला ठाऊक नसायचं.

"हा ढिला करून पाठवलाय त्यानं," दादा म्हणायचा. "कामातही असाच होता."

आणि धाकट्याकडे गेलं की, "किती आवळलाय. दादाचंच काम. सगळ्यांना असंच धरतो तो."

"आवळते मी आणि सैल करते मी," बाई दोघांनाही सांगायची. "पाना माझ्या पर्समध्ये असतो. आता वाजवणार आहेस का?"

दोघंही वाजवायचे. आम्ही निघताना दोघंही जिन्यापर्यंत येऊन, दुसरीकडे बघत विचारायचे, "बरा आहे ना तो?" ती म्हणायची, "बरा आहे." याच्या पुढे कुणीच जायचं नाही.

मग एके दिवशी कड्याजवळ माझ्या कातड्याला केसाएवढी चीर गेली. मला दुखलं नाही. फक्त आवाजात वाळू पडल्यासारखं झालं. तिला ते लगेच कळलं. तिनं मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं बोटानं चीर चाचपली.

"सारखं खालीवर करता का याला?"

"करावं लागतं."

"मग नवं कातडंसुद्धा जाईल असंच. हे चालेल अजून काही दिवस. पण एक सूर ठरवा याचा आणि तिथंच सोडा. ज्यांना याच्याबरोबर वाजवायचंय ते जुळवतील की."

परतताना ती गाडीत पुढे बसलीच नाही. माझ्याजवळ मागे बसली, तळहात माझ्यावर ठेवून. नवऱ्यानं आरशात एकदा पाहिलं आणि गाडी सावकाश चालवली. घरी येऊन तिनं पाना फिरवत मला मधोमध लावलं, ना उंच, ना खर्ज. हा माझा स्वतःचा आवाज असावा. मी तो बऱ्याच वर्षांनी ऐकला.

तिनं दोघांना एकच निरोप धाडला. कोंगा आता घराबाहेर निघणार नाही. ज्याला वाजवायचं असेल त्यानं आपला इकडे घेऊन यावं.

बरेच दिवस कुणी आलं नाही. ती जेवता जेवता जिन्याकडे कान लावायची. मग एका रविवारी दादा आला, चार मजले चढून, धापा टाकत, थोरल्याला मिठी मारून. वाजवून झाल्यावर म्हणाला, "आता हा परत खाली न्यायची ताकद नाही माझ्यात. असू दे इथंच." गुरुवारी धाकटा आला. दादाचा ढोल पाहून दारातच उभा राहिला.

"तू म्हणाली नाहीस."

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. "आत ये, दारातून डास येतात."

तो आला. वाजवलं. जाताना आपलाही ठेवून गेला. जाण्याआधी मात्र थोरल्यापाशी वाकला आणि पुटपुटला, "नट खुळखुळतोय याचा. दादाला ऐकू येत नाही की काय." तिच्याकडून पाना मागून घेतला आणि तो नट बसवला.

पुढच्या रविवारी दादानं पहिल्याच थापेला हात थांबवला. "याला कुणी हात लावला?"

"ज्याला खुळखुळ ऐकू आली त्यानं."

त्या दिवशी दादा संध्याकाळपर्यंत वाजवत बसला.

आता आम्ही तिघं खिडकीशी उभे आहोत, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा. रस्त्यावरून जड गाडी गेली की आधी थोरला हलकेच गुणगुणतो, मग मी, मग धाकटा. बाई हातातलं काम थांबवून ऐकते. दादा रविवारी येतो, धाकटा गुरुवारी, आणि दोघंही सूर माझ्याकडे बघून लावतात. पण तीन ढोलांवर एका वेळी चारच हात पडतात.

माझी चीर थोडी लांबली आहे. ती अजून किती दिवस धरेल, मला सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागणं आहे, दादा, आणि तुलाही, धाकट्या. मला रविवार चालतो, गुरुवारही चालतो. दोघांनी मिळून कुठलाही एक वार ठरवा. त्यासाठी एकाला दुसऱ्याला फोन करावा लागेल, हे मला माहीत आहे.