देवाची कृपा, सगळं बरं आहे

पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही, या आमच्या घरच्या नियमानं माझं डोकं उठवलंय.

माझ्या सासूबाईंना, वर्कनेशबाईंना, दमा आहे. गावाच्या आरोग्य विम्यात आम्ही पहिल्यापासून आहोत. कार्ड आहे, कार्डावर सगळ्यांचे फोटो आहेत. नाही ते फक्त औषध. दवाखान्यात गेलं की एकच, "संपलंय, बाहेरून आणा." बाहेरूनच आणायचं तर विमा काय चुलीत घालू?

म्हणून विमा कार्यालयाची मेस्केरेम घरोघर विचारायला येणार कळलं, तेव्हा मी हुरळले. जिथले लोक नाराज तिथे आधी औषधं, असं ठरलं होतं. नवऱ्याला, मेकुरियाला, बजावलं, "अहो, आज तरी खरं बोला."

मेस्केरेम आली तेव्हा मी शेगडीवर कॉफीच्या बिया भाजत होते.

"विम्याबद्दल समाधानी आहात?" तिनं विचारलं.

"देवाची कृपा," मेकुरिया म्हणाला.

"औषधं मिळतात?"

"देवाची कृपा. तुम्ही भाजलेले जव घ्या ना."

मी ताडकन उठले. "कसली कृपा? रिकाम्या कपाटाची? आत्याबाई, तुम्ही तरी सांगा!"

सासूबाईंना धड श्वास घेता येत नव्हता. तरी शाल सावरत म्हणाल्या, "सगळं... बरं आहे, पोरी. तुझी आई कशी आहे?"

"ताई, घरच्या कर्त्याचंच उत्तर लिहायचं असतं," मेस्केरेम मला म्हणाली. तिसरा कप पिऊन गेली बया.

औषधं गेली डोंगरापलीकडच्या गावाला, अंबाझोमाला. तिथं म्हणे मेस्केरेमला दारातच शिव्या घातल्या, पाणीसुद्धा विचारलं नाही.

"बघ," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "बिचाऱ्यांचे फारच हाल असणार."

कपाळ माझं!

परवा त्यांचे ओठ निळे पडले. बाजेवर घालून चौघांनी त्यांना अंबाझोमालाच नेलं. दवाखान्यात ही रांग! नर्सनं वाकून विचारलं, "आजी, कसं वाटतंय?"

"देवाची... कृपा."

नर्स पुढच्या माणसाकडे वळली. मी तिचा कोटच धरला आणि सगळ्यांसमोर ओरडले, "माझी सासू खोटारडी आहे! जन्मात कधी खरं सांगितलं नाही तिनं! ओठ बघा तिचे!"

तेव्हा कुठे आत घेतलं. नळी लावली, औषधाची वाफ दिली. बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास मोकळा झाला.

"चारचौघांत मला खोटारडी म्हणालीस," त्या म्हणाल्या. एका दमात, न थांबता.

"देवाची कृपा," मी म्हणाले.