राणी वर, खोगीर खाली

मी एक जुनं खोगीर आहे, आणि आज माझे पाय जमिनीला लागत नाहीत. खोगिराला पाय कुठून आले असं विचाराल, तर दोन रिकिबी आहेत ना, तेच माझे पाय. चार वर्षं मी कोठारातल्या खुंटीवर धूळ खात पडलो होतो. आज सकाळी शेल्बी आली, तिने मला खाली उतरवलं, कोळिष्टकं झटकली आणि कोमट तेलाचं फडकं माझ्या अंगावरून फिरवलं. तेल लागलं की समजायचं, स्वारी निघणार. उद्या मी पुन्हा रस्त्यावर असेन. मित्रांनो, तेल अंगात मुरायला वेळ लागतो, तोवर माझी हकिगत ऐकून घ्या.

मला घडवलं वेन्डल हॉफ नावाच्या म्हाताऱ्याने. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या आमच्या कूपर्स फोर्क गावात बर्फाने रस्ते बंद झाले की तो चामडं भिजवून बसायचा. एका हिवाळ्यात त्याने माझ्या अंगावर रानगुलाबाच्या वेली कोरल्या, कडेला चांदीच्या पट्ट्या ठोकल्या आणि खालून मेंढीच्या दाट लोकरीचं अस्तर शिवलं. तुम्ही लोक कशालाही खोगीरभरती म्हणता, ते मला मुळीच आवडत नाही. माझ्यातली भरती अव्वल आहे.

रोडिओ म्हणजे घोडेस्वारीच्या आणि गुरं पकडण्याच्या खेळांची जत्रा. त्या वर्षी जिल्ह्याची रोडिओ-राणी जी होईल, तिचं बक्षीस मी होतो. राणी झाली शेल्बी. गुरं राखत वाढलेली, उंच, हसरी, आणि जेवायला बसली की कुणाला न आवरणारी. मला वाटलं, आता सगळा मान माझा. पण कसलं काय! राणीचा मुकुट टोपीवर बसतो, टोपी राणीच्या डोक्यावर, लोक टाळ्या वाजवतात टोपीकडे बघून. माझ्यावर काय बसतं, ते तुम्ही जाणताच.

तरी काय दिवस होते ते! जून लागला की आमची गाडी सुटायची. पुढे शेल्बीची मार्लिस मावशी, जी हिवाळ्यात शाळेची बस चालवायची आणि उन्हाळ्यात आम्हाला. मागे घोड्याचा डबा, त्यात पिकल नावाचा तांबडा घोडा आणि त्याच्या शेजारच्या खणात मी. पिकल म्हणजे लोणचं. तोंडही तसंच आंबट. आज या गावची मिरवणूक, उद्या त्या गावचा रोडिओ, परवा आणखी शंभर मैलांवर शाळेतल्या मुलांना भेटणं. शेल्बी डब्यातच कपडे बदलायची, एका पायावर उड्या मारत बूट चढवायची, आणि पिकल तिच्या टिकल्याटिकल्यांच्या सदऱ्याला गवत समजून तोंड लावायचा. पेट्रोलपंपावर मिळणारे गरम सॅन्डविच ती गळ्यात टॉवेल बांधून खायची. रिंगणात निळ्या झेंड्याची काठी रिकिबीत रोवून ती सुसाट निघाली, की वारा, धूळ, ढोल आणि माणसांचा कल्ला यांत मी चामडं आहे हे मलाच आठवत नसे.

मार्लिस मावशीचा सगळा जीव त्या टोपीत. राणीची टोपी घोडदौडीत पडणं यासारखी नामुष्की नाही, असं तिचं ठाम मत. टोपीला आतून चिकटपट्टी, वरून आकडे, आणि केसांवर इतका फवारा की कुरळ्या बटा हातोडीने तोडाव्या लागतील. बटा बिघडू नयेत म्हणून अख्खा उन्हाळा गाडीच्या काचा बंद. गाडीतलं थंड हवेचं यंत्र तर केव्हाच बिघडलेलं.

"मावशी, एक बोटभर तरी काच उघड. मी शिजतेय," शेल्बी म्हणायची.

"शिज. राणी शिजली तरी चालते, केस हलता कामा नयेत."

त्या दौऱ्यावर जिथे जावं तिथे आम्हाला एक मुलगी भेटायची. तिचं नाव माइते. शेजारच्या जिल्ह्याची राणी, स्पेनकडून येऊन इथे मेंढरं राखणाऱ्या बास्क धनगरांच्या घरातली. आमच्याकडे गुरंवाले आणि मेंढरंवाले यांचं आजे-पणजोबांपासून विळ्याभोपळ्याचं सख्य. एका जत्रेत मावशीने मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "मेंढरंवाल्यांनाही घोड्यावर बसायची हौस आली वाटतं."

माइते माझ्याकडे वळली, माझी कड उचलून खालची लोकर तिने मावशीला दाखवली. "काकू, तुमच्या राणीच्या खोगिराखाली आमचीच मेंढी आहे. ती बिचारी काही बोलत नाही, पण बसता तुम्ही तिच्याच जिवावर."

शेल्बी इतकी हसली की तिला डब्याला टेकावं लागलं. मावशी फुरंगटली. पण दुपारी माइतेच्या वडिलांनी मोठ्या पातेल्यात मटणाचा रस्सा शिजवला, तेव्हा तिने तीनदा वाढून घेतलं आणि वर म्हणाली, "रश्शाचं काही चुकलेलं नाही, एवढं कबूल." त्या दिवसापासून दोघी मुली रस्त्यावरच्या मैत्रिणी झाल्या. एकीची पिन हरवली की दुसरी आपली काढून द्यायची.

आता पिकलचं एक गुपित सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घोड्याच्या पोटाखालून जो पट्टा आवळतात त्याला तंग म्हणतात. मी घोड्यावर टिकतो तो त्या तंगामुळे. पिकल मोठा बिलंदर. तंग आवळायला घेतला की हा छातीत हवा भरून पोट टम्म फुगवायचा. आवळणाऱ्याला वाटायचं, झाला घट्ट. थोडं चाललं की हा श्वास सोडायचा, आणि तंग लोंबायला लागायचा. शेल्बी हे लहानपणापासून ओळखून होती. खोगीर चढवलं की त्याला चार पावलं चालवायची, बरगडीला गुडघा टेकायची, आणि तंग पुन्हा ओढायची. बोलता बोलता, गाणं म्हणता म्हणता. हाताला इतकी सवय झालेली की आपण हे करतो, हेसुद्धा तिच्या लक्षात येत नसे.

ऑगस्टच्या अखेरीस राज्याच्या राणीची निवड होती. जी निवडून येईल, ती वर्षभर देशभरच्या रोडिओत राज्याचा झेंडा घेऊन फिरणार. शेल्बीचं ते लहानपणापासूनचं स्वप्न, आणि खरं सांगतो, माझंही. भाषण, पोशाख, सगळं पार पडलं. शेवटी शेल्बी आणि माइते, दोघीच अटीतटीला उरल्या. आता राहिली परक्या घोड्याची फेरी. म्हणजे चिठ्ठ्या टाकून घोडे बदलायचे. दौऱ्यावर राणीला कुणाचाही उसना घोडा मिळतो, तो सांभाळता आला पाहिजे, म्हणून ही परीक्षा. खोगीर घोड्याबरोबर जातं. मालकिणीने घोड्याबद्दल सांगायचं ते आधी सांगायचं, मग दुसरीने स्वतः खोगीर चढवायचं. एकदा स्वार झाली की कुणी मदतीला जायचं नाही. गेली तर जाणारीचे गुण कापले जातात.

चिठ्ठी निघाली. शेल्बीला माइतेची काळी घोडी लोला. माइतेला पिकल, आणि पिकलवर मी.

"याचं तोंड हलकं आहे. लगाम ओढू नकोस, नुसता उचल," शेल्बी तिला मनापासून सांगत होती. "उजव्या वळणावर आळस करतो. आणि याच्या आंबट चेहऱ्याकडे बघून घाबरू नकोस, तो जन्मापासून असाच आहे."

सगळं सांगितलं. एक सोडून. रोज श्वास घ्यावा तशी सवयीची गोष्ट, ती सांगायची असते हेच तिच्या मनात आलं नाही.

माइतेने मला चढवलं, तंग आवळला, दोन बोटं घालून पाहिली. घट्ट. तिची काहीच चूक नव्हती. मला मात्र पिकलच्या फुगलेल्या बरगड्या कळत होत्या. ती रिंगणात शिरली, वळणं घेतली, गोल काढले, आणि पिकलने सावकाश, मजेत श्वास सोडला. माझ्या खाली हात जाईल एवढी पोकळी झाली. मी डावीकडे सरकायला लागलो. अजून शेवटची सुसाट फेरी बाकी होती. त्या वेगात मी पोटाखाली फिरलो असतो, आणि रिकिबीत पाय अडकलेली पोर खुरांखाली गेली असती. मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण चामड्याला तोंड कुठे असतं?

माइते रिंगणाच्या टोकाला थांबली. परीक्षकबाईंनी झेंडा उचलला, तो खाली आला की दौड. दाराशी शेल्बी लोलाला धरून आपल्या पाळीची वाट बघत होती. तिची नजर सहज माझ्याकडे गेली. मी वाकडा बसलेला तिने पाहिला, आणि तिचा हात आपोआप हवेतच तंग ओढल्यासारखा हलला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

तिने लोलाचा लगाम कुणाच्या तरी हातात कोंबला आणि ती कुंपणाच्या दांड्यांमधून आत घुसली. टोपी वरच्या दांड्याला थडकली. चिकटपट्टी, आकडे, फवारा, सगळ्यांनी माना टाकल्या. मुकुटासकट टोपी धुळीत, आणि राणी मोकळ्या केसांनी धावत रिंगणाच्या मधोमध. बाकांवर मावशीने डोळ्यांवर हात घेतला.

"माइते, हलू नकोस, तंग सैल आहे," शेल्बी ओरडली.

परीक्षकबाई म्हणाल्या, "पोरी, नियम माहीत आहे ना? तुझे गुण जातील."

"जाऊ देत. आधी मला हा तंग ओढू द्या."

तिने पिकलच्या बरगडीला गुडघा टेकला आणि तंग ओढला. एक भोक, दुसरं, तिसरं. पिकल चोरी पकडल्यासारखा फुरफुरला. माइते वरून पांढऱ्या चेहऱ्याने खाली बघत होती. शेल्बीने तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "आता पळव. आणि असा पळव की माझी टोपी वाया जाता कामा नये."

आणि माइतेने पळवला. अहाहा! तसा पिकल मी आधी कधी अनुभवला नव्हता. हे ऐकून शेल्बीचं मन दुखेल, पण जे आहे ते आहे. अख्खं मैदान उभं राहिलं. मागून शेल्बीही लोलावर बोडक्या डोक्याने फेरी मारून आली, फार सुंदर. पण गुण गेले ते गेलेच. राज्याची राणी माइते झाली.

परतताना गाडीच्या काचा बंदच होत्या. शेल्बी रडत होती, आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. शेवटी मावशी म्हणाली, "टोपी पडली."

"हो."

"सगळ्या राज्यासमोर."

"हो, मावशी."

मावशीने हात लांब करून शेल्बीच्या बाजूची काच पार खाली केली. मग स्वतःची. "घे, खा वारा. अख्खा उन्हाळा शिजलीस. आज मी तुझ्यावर जेवढी खूश आहे, तेवढी मुकुट मिळाला असता तरी झाले नसते." आणि मग दोघींचे केस त्या गाडीत असे उडाले की मावशीला रस्ता दिसेना, आणि रडता रडता शेल्बी हसायला लागली.

पुढचं वर्ष मी माइतेबरोबर फिरलो. शेल्बीनेच मला तिच्या गाडीत ठेवलं. कुठली कुठली राज्यं, किती उसने घोडे! प्रत्येकाला माइते आधी चार पावलं चालवायची, गुडघा टेकायची आणि तंग पुन्हा ओढायची. नंतर मी परत आलो, आणखी काही मुलींबरोबर गेलो, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. मी खुंटीवर राहिलो. उंदरांनी माझी लोकर कुरतडली, चामड्याला भेगा गेल्या. रागावलो नाही, पण वाईट वाटलं. चामड्याला माणसाचा हात लागत नाही तेव्हा ते कोरडं पडतं.

म्हणून आज हा आनंद. जिल्ह्याच्या नव्या राणीकडे स्वतःचं खोगीर नाही. शेल्बीने मला सजवलं, नवा तंग लावला, आणि मघाशी त्या मुलीने मला पिकलच्या नातवावर चढवलं. तोही आंबट तोंडाचा.

"झालं घट्ट," मुलगी म्हणाली.

"चार पावलं चालव. पुन्हा ओढ."

"अहो पण घट्टच आहे."

"ओढ म्हटलं ना."

तिने ओढला. तीन भोकं आत गेला. मुलगी आ वासून बघत राहिली, आणि कोपऱ्यात टोपीच्या आकड्यांचा डबा घेऊन बसलेली म्हातारी मार्लिस मावशी खो खो हसली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेल लावा, हात लावा. आणि आणखी एक. त्या दिवशी मला सगळं कळत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. कुणाचा तंग सैल दिसला, तर टोपीची पर्वा करू नका.